शब्दचर्चा : शर्यत संपल्यानंतरच्या मरगळीला काय म्हणावं?

कोशकीटक :
मॅरेथॉन, अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब धाव) किंवा लांब पल्ल्याची ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं) पार पडल्यावर दोन-चार दिवसांनी जी मरगळ येते, तिला इंग्रजीत 'पोस्ट-रेस ब्लूज' म्हणतात. सरावाच्या पुस्तिकेसाठी मराठी शब्द हवा आहे. 'शर्यतोत्तर नैराश्य' असा एक प्रतिशब्द सुचवला गेलाय, पण मला त्यातले दोन्ही शब्द खटकतात. पहिल्याला जीभ अडखळते. दुसऱ्याचा अर्थ आशा संपणं. इथे तर आशा फळाला आलेली असते, पदक दाराच्या खुंटीवर लटकत असतं, आणि तरी पहाटे पाचला आपोआप जाग आलेला माणूस बुटांकडे बघत बसून राहतो. शिवाय नैराश्य हे आता आजाराचं नाव झालंय. ते इतकं स्वस्त करू नये.

अर्धविराम :
'विषाद' चालेल का? वि + सद्, म्हणजे खचणं, खाली बसणं. अर्थ जुळतो.

पायपीट :
अर्थ जुळतो, वेळ जुळत नाही. अर्जुनाचा विषाद युद्धाआधीचा! तो शब्द टेपरच्या दिवसांना द्या. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सराव निम्म्याच्या आसपास आणला की गुडघ्यात नसलेली कळ जाणवते, झोप उडते, 'मी हे का करतोय' असं वाटायला लागतं. अगदी पहिल्या अध्यायासारखं.

कोशकीटक :
मान्य. 'उदासी'बद्दलही एक शंका आहे. उद् + आस् म्हणजे बाजूला बसणं. 'उदासीन'चा जुना अर्थ अलिप्त, तटस्थ असा. आज 'उदास' म्हणजे खिन्न आणि 'उदासीन' म्हणजे बेफिकीर, अशी फाळणी झाली आहे. गंमत म्हणजे शर्यतीनंतर दोन्ही असतात: मन खिन्न आणि सरावाबद्दल बेफिकिरी.

लांबपल्ला :
एकच शब्द शोधण्याआधी त्यात काय काय मिसळलंय ते वेगळं करू या, कारण उपाय वेगवेगळे आहेत. मराठीत त्या प्रत्येकाला शब्द आधीपासूनच आहे.

पहिला 'शीण'. हा शरीराचा. ४२.१९५ किलोमीटर धावल्यावर अंग आंबतं ('डोम्स', म्हणजे व्यायामानंतर उशिरा चढणारी स्नायूदुखी, तिला याहून नेमका शब्द मला माहीत नाही). दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. जिना चढताना फारसं नाही, उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ओरडतात, म्हणून लोक कठडा धरून आडवे-तिडवे उतरतात. लांबत असतानाच भार पेलावा लागला की स्नायूंच्या तंतूंना जास्त इजा होते, आणि उतरताना नेमकं तेच होतं. त्यात शर्यतीच्या रात्री झोप नीट लागत नाही. नाडी चढलेली, अंग तापलेलं, कॅफिनच्या जेल पोटात. अशा शरीराची चिडचिड मनाची म्हणून खपते.

दुसरी 'चुटपुट'. ही निकालाची. चार तासांच्या आत यायचं होतं आणि ४:०१:४० झाले, तर जे लागून राहतं ते नैराश्य नव्हे, चुटपुट. थोडक्यात हुकलेल्याचीच चुटपुट लागते. शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली तर शब्द बदलतो, तिथे 'सल'.

तिसरं 'रितेपण'. हे दिनक्रमाचं. आठवड्याला दहा-पंधरा तास, चार-सहा महिने, सगळं एका तारखेभोवती बांधलेलं. ती तारीख गेली. 'रिकामपण' आणि 'रितेपण' यांत गल्लत नको: रिकामपण वेळेचं, रितेपण मनाचं. लोक रिकामपण भरतात आणि रितेपण तसंच राहतं. पहिल्याच आठवड्यात पुढच्या शर्यतीचं शुल्क भरून टाकणं हा त्याचाच नमुना.

अर्धविराम :
म्हणजे वेळ चांगली आली असेल तर चुटपुट नाही, फक्त शीण आणि रितेपण?

लांबपल्ला :
हो, आणि म्हणूनच जिंकणारेही सुटत नाहीत. ऑलिंपिक पदकांचा विक्रम नावावर असलेल्या जलतरणपटू मायकेल फेल्प्सने २०१८ मध्ये जाहीरपणे सांगितलं की प्रत्येक ऑलिंपिकनंतर तो खोल नैराश्यात जात असे. 'तिथे पोचलो की सुख' या समजुतीला आनंदाच्या मानसशास्त्रावर लिहिणारे ताल बेन-शाहार यांनी 'अरायव्हल फॅलसी' म्हटलं. त्याला 'मुक्कामाचा भ्रम' म्हणता येईल.

पायपीट :
'एंडॉर्फिन (व्यायामात शरीरात तयार होणारं वेदनाशामक रसायन) उतरतं' असं सर्रास लिहितात, ते पुस्तिकेत टाळा. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही, त्यामुळे चढ-उताराचा सगळा हिशेब त्याच्या नावावर मांडता येत नाही. नियमित व्यायाम करणाऱ्याने तो एकदम थांबवला की मूड घसरतो, इतकं लिहिलंत तरी पुरे.

कोशकीटक :
मग उपायांची भाषा कशी असावी? 'रिकव्हरी'ला 'श्रमपरिहार' सुचतो, पण तो ऐकला की डोळ्यांसमोर पंगत येते.

लांबपल्ला :
'शीण काढणे' म्हणा, क्रियापदच वापरा. मॅरेथॉननंतरचा साधारण आराखडा देतो. पहिले तीन दिवस धावणं नाही, दिवसातून १५-३० मिनिटं सपाटीवर चालणं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हलकं पोहणं किंवा सायकल, २०-४० मिनिटं, गप्पा मारता येतील इतक्याच जोराने. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड २०-३० मिनिटं धावा, घड्याळ घरी ठेवून. ही अट गंभीरपणे घ्या. आंबलेल्या पायांनी एका किलोमीटरला नेहमीपेक्षा ४० सेकंद जास्त लागतात, पडद्यावर तो आकडा दिसतो आणि 'सगळं गेलं' असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नेहमीच्या निम्मं अंतर. वेगाचा सराव चौथ्या आठवड्याआधी नको. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि वर मॅरेथॉन असा पल्ला असेल, तर हे सगळं आणखी लांबवा.

खाण्यात नेहमीची चूक म्हणजे 'आता धावत नाही, तर कमी खाऊ'. पहिला आठवडा दुरुस्तीचा आहे. दर जेवणात २०-४० ग्रॅम प्रथिनं ठेवा, कर्बोदकं तोडू नका.

चुटपुटीवर औषध एकच, नोंद. दोन-तीन दिवसांच्या आत, आठवण ताजी असताना, कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे हातात असलेलं: पहिले १० किलोमीटर किती वेगात गेले, तासाला किती ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली (ठरवली होती ६०, गेली ३५, असं काही हमखास निघतं), पाणी कुठे चुकलं. उजवीकडे हातात नसलेलं: उष्णता, वारा, गर्दी. मग कागद मिटून ठेवा. निष्कर्ष दहा दिवसांनी काढा, कारण शिणलेलं डोकं सगळं डावीकडेच लिहितं.

रितेपणाची सोय मात्र शर्यतीआधीच करावी लागते. नंतर फोन करायचाही उत्साह नसतो. टेपरमध्ये वेळ असतो तेव्हा शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत चार गोष्टी तारखेसकट लिहून ठेवा, त्यातल्या निदान दोन माणसांबरोबरच्या आणि एकही धावण्याची नाही. सरावाचा गट सुटतो हे रितेपणाचं मोठं कारण असतं. त्यामुळे धावायचं नसलं तरी गटाच्या वेळेला जाऊन चालून यावं. आणि नवी नोंदणी तीन आठवड्यांनंतर.

नाडीपरीक्षा :
एक वैद्यकीय पुरवणी, कारण गोड शब्द सापडला की त्याच्याआड आजार लपतो. मरगळ साधारणपणे दिवसागणिक हलकी व्हायला हवी. दोन आठवडे उलटूनही बहुतेक दिवस मन खिन्न, कशात रस नाही, झोप किंवा भूक बिघडलेली असेल, तर तिथे 'नैराश्य' हाच शब्द वापरा आणि डॉक्टरांकडे जा. स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

थकवा हटत नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासा. सराव भरपूर आणि खाणं अपुरं असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर मूड घसरतो, हाडं कमकुवत होतात, पाळी थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं. तीन महिने पाळी आली नाही तर तो शीण नव्हे.

शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, एकाच पोटरीला सूज आली किंवा हाडावर बोट ठेवता येईल अशी एका जागी कळ असली, तर शब्दचर्चा बंद करून दवाखाना गाठा.

कोशकीटक :
पुरवणी जशीच्या तशी घेतो. आता एकत्रित नाव. 'ओहोटी' की 'उतार'?

पायपीट :
तापाला उतार पडला की घरात आनंद होतो, तेव्हा 'उतार' बाद. धंद्याला ओहोटी लागली म्हणजे बुडीत, तेव्हा तीही नको. 'ओसरणे'वरून 'ओसर' घ्या. पाऊस ओसरतो, गर्दी ओसरते, पूर ओसरतो. त्यात कुणाचा दोष नसतो.

अर्धविराम :
ओसरणं हळूहळू असतं. ही मरगळ तर धाडकन येते ना?

लांबपल्ला :
सहसा नाही. पहिला दिवस-दीड दिवस फोटो, अभिनंदन, कौतुक. मग फोन कमी होतात, दुखणं कमी होतं, आणि दुखणं गेल्यावर रितेपण दिसायला लागतं. पूर ओसरल्यावर गाळ दिसतो तसं. 'ओसर' चपखल आहे.

कोशकीटक :
मग पुस्तिकेत असं वाक्य जाईल: 'शर्यतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओसर सुरू होतो; त्यात शीण, चुटपुट आणि रितेपण किती-किती आहे ते पाहा.' लिंगाचं काय, ओसर आला की ओसर आली?

पायपीट :
आला. चढ, उतार, ओघ, पूर यांच्या पंगतीला बसवा. 'आली' म्हटलंत तर निम्मे वाचक 'ओसरी' वाचतील.