अख्खा एपिसोड एकटीच बाई बोलते! ईस्टएंडर्सचा २००८ चा तो भाग कुणी बघितलाय का?

गंगावेशीतली
बहीण लंडनला असते, तिच्या शेजारच्या आजी पक्क्या ईस्टएंडर्सवाल्या. बीबीसीची ती सिरीयल १९८५ पासून चालूये आणि अजून संपायचं नाव नाही. बेस्ट एपिसोड कुठला विचारलं की सगळे १९८६ च्या नाताळचाच सांगतात, नवरा बायकोच्या हातात घटस्फोटाचे कागद ठेवतो तो, तीन कोटींवर लोकांनी बघितला असं म्हणतात. पण त्या आजींनी बहिणीला दुसराच बघायला लावला आणि तिनं मला. ३१ जानेवारी २००८, नाव 'प्रिटी बेबी'. डॉट नावाची म्हातारी घरात एकटी, नवरा जिम स्ट्रोक येऊन दवाखान्यात, आणि ही त्याच्यासाठी टेपवर निरोप रेकॉर्ड करत बसते. बस्स. अर्धा तास दुसरं कुणी येत नाही. त्याला घरी आणायचं का, मला झेपंल का, हे ती त्यालाच सांगते, मधेच लहानपणी दुसऱ्या महायुद्धात गावाकडं पाठवलेलं ते आठवतं. मी सिरीयलचा एकही भाग आधी बघितला नव्हता तरी रडले. इकडं याबद्दल कोण बोलत का नाही? आणि आपल्याकडं असा एपिसोड का होत नाही?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
आपल्याकडं? अहो ताई, आमच्या घरात सुनेनं चहा ओतला तरी तीन ढगांचे गडगडाट आणि सगळ्या घरादाराचे तोंडावर क्लोजअप. एकटी म्हातारी बोलत बसली तर आमची आई दुसऱ्या मिनिटाला रिमोट घेईल. लोकांना नको असतं ओ, उगाच चॅनलला शिव्या देऊ नका.

पडद्यामागचा
चित्रनगरीत काही वर्षं काम केलंय म्हणून सांगतो. प्रेक्षकांचा प्रश्न नंतरचा, आधी शेड्यूल बघा. डेली सोपचा एक भाग म्हणजे साधारण बावीस मिनिटं, आणि दिवसाला तेवढं फुटेज निघालंच पाहिजे. सीन कित्येकदा त्याच दिवशी सकाळी हातात येतो. चार माणसं असली की एकजण अडखळला तरी दुसऱ्याच्या रिअॅक्शनवर कट मारून निभावतं, ते डोळे वटारलेले शॉट उगाच नसतात भावा. एकाच माणसावर लपवायला जागाच नाही. पाठांतर पण त्याच ताकदीचं पाहिजे.
आणि मूळ गंमत ताईंनी सांगितलीच नाही. जिमचं काम करणारे जॉन बार्डन यांना २००७ मध्ये खरोखरच स्ट्रोक आला होता. आपल्याकडं काय झालं असतं? दुसऱ्या दिवशी खाली पट्टी, आजपासून ही भूमिका अमुकतमुक साकारतील. नाहीतर गोष्टीतच प्लास्टिक सर्जरी दाखवून नवा चेहरा. तिथं लेखक टोनी जॉर्डन यांनी माणूस नाही हाच विषय केला. लई अवघड काम आहे ते.

गंगावेशीतली
@पडद्यामागचा हे माहितच नव्हतं मला, थँक्यू. आता परत बघते.

केशवराव_बाल्कनी
एकपात्री आपल्याला चालत नाही हे मात्र पटलं नाही. लक्ष्मण देशपांडेंच्या 'वऱ्हाड'ला काय कमी गर्दी असायची? पन्नासच्या वर पात्रं एकटा माणूस करायचा आणि लोक पोट धरून हसायचे.

पडद्यामागचा
ते वेगळं हो. तिथं एक माणूस पन्नास होतो, इथं बाई शेवटपर्यंत डॉटच राहते. आवाज बदलायची सोय नाही, हशा नाही. तो टेपरेकॉर्डर काढून घेतला तर सगळं पडतं बघा, कारण मग ती कॅमेऱ्याशी बोलायला लागली असती. टेपमुळं ती नवऱ्याशीच बोलते, आणि तो मधे उत्तर देत नाही म्हणून जे तोंडावर कधी बोलली नसती ते पण बोलून जाते. डॉटचं काम करणाऱ्या जून ब्राउन यांना त्यासाठी २००९ ला बाफ्टाचं, म्हणजे तिकडच्या मोठ्या अवॉर्डचं, नॉमिनेशन मिळालं, अवॉर्ड मिळालं नाही ते सोडा. सोपमधल्या बाईला वीसेक वर्षांनी मिळालेलं ते नॉमिनेशन. २०२२ ला गेल्या, ९५ वर्षांच्या होत्या.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
बरं बघितला रात्री. इंग्लिश निम्मं डोक्यावरनं गेलं, ती बाई भलतंच तोंडातल्या तोंडात बोलते. पण बंद नाही केला. आई पण बसली होती शेजारी, तिला एक अक्षर कळंना आणि मला विचारते, हिचा दादला परत येतोय का न्हाई?

गंगावेशीतली
😄 आईंना सांगा, येतो, पण बरंच नंतर. खरं सांगायचं तर मला कॉलेजच्या पोरींकडनं असं काहीतरी करून घ्यायचंय, गॅदरिंगला, म्हणून विचारत होते. जुना टेपरेकॉर्डर आहे का कुणाकडं?

केशवराव_बाल्कनी
टेप कशाला आता, व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट घ्या की. आखातात गेलेल्या पोराला आई पाठवते असं करा.

पडद्यामागचा
व्हॉइस नोट चालंल, पण एक बघा, ती समोरच्यानं बघितली की निळ्या टिका दिसू शकतात, त्याचा रिप्लाय येऊ शकतो. ते कसं थांबवणार हे आधी ठरवा. पोराचा फोन बंद आहे, एकच टिक येतेय, असं धरा आणि मग लिहा.