‘टिकाऊ’ की ‘भरवशाची’? आणि ‘घसारा’ नेमका कशाचा?

कोलशेत, ठाणे : नमस्कार मंडळी. महागड्या गाड्यांवर एक टिपण लिहितोय आणि ‘रिलायबल’ या शब्दापाशी अडलोय. ‘विश्वासार्ह’ लिहिलं की बातमीबद्दल किंवा साक्षीदाराबद्दल बोलल्यासारखं वाटतं. ‘टिकाऊ’ लिहिलं तर अर्थच चुकतो. भावाने २०२१ मध्ये सात वर्षं जुनी, एका बड्या परदेशी कंपनीची सेडान घेतली, एमएच ०४ पासिंगची. पत्रा अजून ठणठणीत, गंजाचा ठिपका नाही. पण पहिल्याच पावसाळ्यात घोडबंदर रोडवर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळून इंजिन तापलं. पुढच्या वर्षी मागचं एअर सस्पेंशन, म्हणजे गाडी तोलणाऱ्या हवेच्या उशा, बसलं. सकाळी खाली उतरलो तर गाडी एका बाजूला कललेली. गाडी टिकली आहे, पण ती घेऊन नाशिकला निघायची हिंमत होत नाही. याला काय म्हणायचं?

नेरुळ : दादा, ‘भरवशाची’. विश्वास माणसावर असतो. भरवसा माणसाचा असतो, तसा वस्तूचाही. ‘पावसाचा भरवसा नाही’, ‘लोकलचा भरवसा नाही’ असंच आपण म्हणतो. ‘लोकलवर विश्वास नाही’ असं कुणी म्हणत नाही. ‘टिकाऊ’ हे मागे वळून बघून ठरतं, भरवसा निघण्याआधी लागतो. ‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण तर तुमच्या भावाच्या गाडीला तंतोतंत बसते, कारण दुःख टोणग्यापेक्षा भरवसा मोडल्याचं जास्त आहे. नाम हवं असेल तर मात्र अडचण आहे. ‘भरवसेयोग्यता’ असलं काही घडवू नका, वाक्यच फिरवा : ‘या गाडीचा भरवसा किती?’

तुर्भे : वीस वर्षं गॅरेज चालवतोय. आमच्याकडे शब्द आहे ‘काम निघणं’. ‘गाडी चांगली आहे, पण तिचं सारखं काम निघतं.’ का निघतं तेही सांगतो. थर्मोस्टॅटचं (इंजिनचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेचं) बाहेरचं आवरण, पाण्याच्या पंपाचे भाग आता बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचे येतात. रोज तापून-थंड होऊन ते ठिसूळ होतात आणि एक दिवस तडकतात. हेडलाइटचा बल्ब पूर्वी बदलता यायचा, आता एलईडी गेला तर बहुतेक वेळा अख्खा दिवाच घ्यावा लागतो. आणि गिअरबॉक्सचं ‘लाइफटाइम’ ऑइल! हा शब्द ग्राहकाला बुडवतो. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला म्हणून सांगते. ‘आयुष्यभर’ म्हणजे कुणाचं आयुष्य, हे गाडी दुसऱ्या मालकाकडे गेल्यावर कळतं.

कोलशेत, ठाणे : काका, ‘काम निघणं’ घेतलंच. आता ‘घसारा’. भावाने जेवढ्याला घेतली त्याच्या निम्मेही आज कुणी देत नाही. हा घसाराच ना?

ऐरोली : मला तो शब्द इथे पटत नाही. घसारा ‘घसणे-घासणे’ यातला : चपलेचा तळ, ब्रेकचा पॅड. हिशेबात आणि विम्यात तो ठरलेल्या दराने धरतात. गाडीच्या विम्यात सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, पुढे ३०, ४० आणि पाचव्या वर्षापर्यंत ५०. गाडी साधी असो वा आलिशान, दर तोच; पाच वर्षांनंतर किंमत आपसांत ठरवायची. बाजार मात्र असा चालत नाही. सोसायटीत नुसती उभी असलेली, काहीच न झिजलेली गाडीही किमतीत उतरते, कारण घेणाऱ्याने पुढच्या दुरुस्तीच्या बिलाची धास्ती घेतलेली असते. ही झीज नाही. ‘किंमत उतरणं’ म्हणा.

नेरुळ : जुनं सोनं विकताना विचारतात तसं आमच्या आई विचारतात, ‘गाडीची मोड किती येईल?’ मला हा शब्द फार आवडतो.

तुर्भे : ताई, आमच्या धंद्यात गोंधळ होईल. ‘मोडीत काढली’ म्हणजे भंगारात दिली. चालती गाडी विकायला आणलेल्या माणसाला हे ऐकवलं तर तो दुखावेल.

कोलशेत, ठाणे : मग टिपणात असं लिहितो : ‘गाडी टिकाऊ आहे, पण भरवशाची राहिली नाही. सारखं काम निघतं, म्हणून घसाऱ्याच्या हिशेबापेक्षा किंमत कितीतरी जास्त उतरली.’ ‘काम निघणं’ नागपूर-अमरावतीकडच्या वाचकाला कळेल ना? तिकडचं कुणी असेल तर सांगा.