२० लाखांची सूट कुणाला?

फाँट आणि डिझाइनं विकणारी साइट काढायच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची भानगड नाही. स्वतःचेच फाँट विकणार असाल तर ठीक. पण इतरांचे फाँट, लग्नपत्रिकेची डिझाइनं साइटवर ठेवून पैसे तुमच्याकडे जमा होणार असतील तर तुम्ही ई-कॉमर्स ऑपरेटर. मग जीएसटी नोंदणी पहिल्या रुपयापासून. विक्रेत्याला पैसे देताना ०.५ टक्का टीसीएस, म्हणजे त्याच्या पैशातून कापून सरकारकडे भरायचा जीएसटीतला कर, कापायचा (१० जुलै २०२४ च्या आधी १ टक्का होता), आयकराचा टीडीएस वेगळाच. सीएला आधी गाठा, डेव्हलपरला नंतर.

आणि रिफंडचं आजच ठरवा. उतरवलेली फाइल परत कशी घेणार? त्यापेक्षा पैसे भरण्याआधीच गिऱ्हाइकाला त्या फाँटमध्ये नाव टाइप करून बघू द्या. 'कुऱ्हाडे'तला ऱ्ह फुटलेला दिसला, की तो दुसरा फाँट शोधेल, रिफंड मागणार नाही.