एसजीपीटी चढण्याआधीचे तास

औषधांमुळे यकृताला होणारी इजा ओळखायला एसजीपीटीची स्वस्त रक्ततपासणी असताना फ्लुओरोसंट प्रोबचा (ठरावीक रेणूशी अभिक्रिया झाली की चमक बदलणाऱ्या पदार्थाचा) खटाटोप कशाला, असा प्रश्न कुणी विचारेल. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधलं एन्झाइम. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं, म्हणजे आकडा वाढलेला दिसतो तेव्हा नुकसान सुरू होऊन गेलेलं असतं.

पॅरासिटामॉलची अतिमात्रा झाली तर हा उशीर फार महागात पडतो. त्यापासून बनणारा विषारी घटक पेशींचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन संपवतो आणि मग पेरॉक्सिनायट्राइटसारखे विध्वंसक रेणू तयार होतात. हे काही तासांतच घडतं. एसजीपीटी मात्र बऱ्याचदा दिवसभराने चढतं. आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या ८ तासांत दिला तर सर्वांत गुणकारी! प्रोब नेमका हाच आधीचा टप्पा पकडतो: पेरॉक्सिनायट्राइटशी अभिक्रिया झाली की त्याची चमक बदलते. २०१४ साली स्टॅनफर्डच्या गटाने जिवंत उंदरांच्या यकृतात हे दाखवलं, पॅरासिटामॉल आणि आयसोनियाझिड दोन्ही देऊन. आयसोनियाझिड आपल्याकडे क्षयरुग्णांना महिनोन्‌महिने घ्यावं लागतं, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

अडचण आहे ती ही चमक शरीरात किती खोलवरून टिपता येते याची. ऊतींमध्ये तुलनेने खोल जाणारा निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, लालपलीकडचा) प्रकाशही फार आत पोचत नाही, आणि माणसाचं यकृत बरगड्यांमागे असतं. त्यामुळे माझ्या मते याचा पहिला खरा उपयोग नवं औषध माणसाला देण्याआधीच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांत होईल.