झूमवरचा सूर्यनमस्कार वर्ग फुगलाय, ओळखदेख कशी टिकवू?

नाशिकची_वृंदा:
२०२०च्या टाळेबंदीत सोसायटीतल्या आठ-दहा जणींना घेऊन सकाळी सहाचा वर्ग सुरू केला. फुकट, हौसेने. मग कुणाची नणंद आली, कुणाची डोंबिवलीची मैत्रीण, न्यू जर्सीच्या दोघी (त्यांची तेव्हा आदली संध्याकाळ, कुकर लावून येतात). आता रोज ऐंशी-नव्वद जणी असतात.

पूर्वी अष्टांगासन आलं की मी ओरडायचे, "काकू, गुडघ्याखाली उशी घ्या!" आता काकू कुठल्या पानावर आहेत तेच सापडत नाही. पडद्यावर एका वेळी पंचवीस चेहरे, त्यात निम्म्यांचे कॅमेरे बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर गुलाबाची फुलं आणि सुविचार एवढे, की एकीने लिहिलेलं "मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे" कुणी वाचलंच नाही. ती आठवड्यात परत आली आणि सगळ्यांबरोबर पर्वतासनात डोकं खाली! डॉक्टर तर सुरुवातीला वाकायलाही नको म्हणतात.

हजेरीचे बिल्ले, अ‍ॅप वगैरे सुचवू नका. ते सांगून झालंय सगळ्यांचं.

तळजाईकर:
ताई, प्रवेश बंद करा. ऐंशी माणसांचा वर्ग नसतो, सभा असते.

मानसी_रेडिंग:
बंद कशाला? इकडे दर शनिवारी सकाळी पार्करन असतं, पाच किलोमीटर, मोफत. २००४मध्ये लंडनच्या बुशी पार्कात तेरा धावपटूंनी सुरू झालं, आज कितीतरी देशांत आहे. नवख्यांना सुरुवातीला बाजूला घेऊन सगळं समजावतात. आणि एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालतो, म्हणजे शेवटचा नंबर कुणाचाच नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा धाप लागली होती, त्या मागच्या आजोबांशी गप्पा मारत पोचले. तुमच्याकडे असं मागे राहून बघणारं कोण आहे? तुम्ही शिकवत असता, तुम्हाला ते जमणार नाही.

माधव_सातारा:
वृंदाताई, मंत्र बारा आहेत, तर गटही बारा जणींचे करा. झूमवरच्या ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे छोट्या वेगळ्या खोल्यांत, पाठवा. "ॐ मित्राय नमः" एकीने म्हणायचं, "ॐ रवये नमः" दुसरीने. बारा झाले की समारोपाचा तेरावा सगळ्यांनी मिळून. एखादी आली नाही की तिचा मंत्र रिकामा राहतो, लगेच कळतं. मग फोन करायचा, मेसेज नाही.

नाशिकची_वृंदा:
तळजाईकर, मैत्रिणीच्या सासूला नाही कसं म्हणू, ते तुम्हीच येऊन सांगा :)
मानसी, दोघी जुन्या जणी डोळ्यांसमोर आहेत, नुसतं बघत बसायला तयार होतील.
माधवराव, हे रथसप्तमीलाही चालेल. नऊ फेऱ्या, प्रत्येकी बारा नमस्कार, एकशे आठ झाले! पण एखादीला मोठ्याने म्हणायला लाज वाटली तर?

माधव_सातारा:
तिने आकडे मोजावेत. तेही कुणीतरी मोजायला लागतातच.