कला-इतिहासकाराचा संग्रह लिलावात काढण्यापूर्वी त्याची पूर्ण नोंद होऊ नये काय?

प्रस्ताव

एखाद्या कला-इतिहासकाराच्या निधनानंतर त्याने आयुष्यभर जमवलेली चित्रे, रेखाटने आणि छापचित्रे वारसदार लिलावात काढतात, तेव्हा चर्चा बहुधा कशाला किती बोली आली एवढ्यापुरतीच राहते. माझा आक्षेप विक्रीला नाही. संग्रहाची साद्यंत नोंद न करता तो फोडण्याला आहे. धनिकाचा संग्रह आणि अभ्यासकाचा संग्रह यांत मुळातच फरक असतो. धनिक उत्तम तेवढे निवडतो. अभ्यासक मात्र अस्सल रेखाटनाशेजारी त्याची शिष्याने केलेली नक्कल मुद्दाम ठेवतो आणि अर्धवट सोडलेले, कडा फाटलेले, कर्त्याचा थांग न लागलेले कागदही जपतो, कारण हात कोणाचा हे ओळखण्यासाठी त्याला ती तुलना हवी असते. लिलावात अस्सल रेखाटनाला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि नक्कल इतर वीस-पंचवीस कागदांबरोबर एका गठ्ठ्यात जाते. ज्या तुलनेसाठी ते दोन कागद इतकी वर्षे एका खणात होते, ती तुलना त्या दिवशी संपते.

युरोपात कलेच्या इतिहासलेखनाचा पाया घालणाऱ्या, इटलीतील फ्लॉरेन्समध्ये काम केलेल्या वासारी या चित्रकार-लेखकाच्या संग्रहाचे हेच झाले. त्याने आपली रेखाटने मोठ्या पानांवर लावून, भोवती सजावटीच्या चौकटी काढून त्यांचे खंड तयार केले होते. कोणाशेजारी कोणाला बसवायचे, यातच त्याचे मत व्यक्त होत होते. १५७४ साली तो वारला आणि पुढे ते खंड फुटून पाने ठिकठिकाणी पांगली. आज एखादे चौकटीचे पान समोर आले की ते वासारीचे की फ्लॉरेन्सच्याच निकोलो गाद्दी या संग्राहकाचे, यावर अभ्यासकांचे एकमत होत नाही, कारण मूळ खंडांची पूर्ण यादी हाताशी नाही.

प्रतिसाद १

मी या मताशी सहमत नाही. प्रस्तावात विक्रीला विरोध नसल्याचे म्हटले असले, तरी ‘फोडणे’, ‘पांगणे’ हे शब्द विक्रीलाच दोषी ठरवतात. अठराव्या शतकातील पॅरिसचा मारिएत हा रेखाटनांचा थोर जाणकार होता. त्याचा संग्रह उभा राहिला कशातून? १७४१ साली क्रोझा या धनिकाच्या हजारो रेखाटनांचा लिलाव झाला. त्याचे उत्पन्न पॅरिसमधील गरिबांना द्यावे, ही क्रोझाचीच इच्छा होती. त्या लिलावाची यादी मारिएतने लिहिली आणि तिथेच त्याने स्वतःसाठी भरपूर खरेदीही केली. त्याच लिलावात स्वीडनच्या टेसिन या मुत्सद्द्याने घेतलेली रेखाटने आज स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. क्रोझाचा संग्रह अखंड राहिला असता, तर मारिएतचा संग्रह आज आपल्याला माहीत आहे तसा झालाच नसता.

एदमाँ द गाँकूर या फ्रेंच लेखकाने तर मृत्युपत्रातच लिहून ठेवले होते की, आपल्या वस्तू संग्रहालयाच्या थंडगार थडग्यात न जाता लिलावात विकल्या जाव्यात, म्हणजे प्रत्येक वस्तू मिळवताना आपल्याला झालेला आनंद त्याच आवडीच्या दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा मिळेल. १८९७ साली तो लिलाव झाला आणि त्या पैशाचा आधार त्याच्या नावाच्या साहित्य अकादमीला मिळाला. अठराव्या शतकातील फ्रेंच कलेवर अधिकाराने लिहिणाऱ्या माणसाचा हा निर्णय होता, हे विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट. अभ्यासकाच्या घरातील चित्राचा कर्ता कोण, हे बहुधा तो अभ्यासकच ठरवतो आणि मालकाला आपल्या वस्तूबद्दल लोभ असतोच. लिलावाआधी वस्तू पाहण्यासाठी खुल्या ठेवतात, तेव्हा तिथे येणारे जाणकार कागद उजेडाकडे धरून पाहतात, जलचिन्ह तपासतात, शंका घेतात. इतकी कठोर परीक्षा घरातल्या खणात कधीच होत नाही. संग्रहालयाने तरी संग्रह अखंड ठेवला असता का? त्यांनी दहा उत्तम कागद घेतले असते आणि उरलेले नाकारले असते.

प्रतिसाद २

मी एका दिवंगत अभ्यासकाच्या संग्रहाची यादी करण्याच्या कामात मदतनीस होते, म्हणून एकच अनुभव नोंदवते. त्यात तळहाताएवढे, तपकिरी शाईने काढलेले एका झाडाचे रेखाटन होते. त्याच्या पाठपुठ्ठ्यावर पेन्सिलीने तीन नावे होती. पहिले खोडून त्याखाली दुसरे, तेही खोडून तिसरे, प्रत्येकापुढे साल आणि तिसऱ्यापुढे प्रश्नचिन्ह. एका माणसाने आपलेच मत दोनदा मागे घेतल्याचा तो पुरावा होता आणि तिसऱ्या वेळीही त्याने खात्रीचा आव आणला नव्हता. विक्री करणाऱ्या संस्थेने छापील यादीत त्यातले पहिले, सर्वांत प्रसिद्ध नाव घातले. विक्रीनंतर नव्या मालकाने माउंट, म्हणजे रेखाटन ज्यावर बसवतात तो पुठ्ठा, बदलला आणि जुना पुठ्ठा टाकून दिल्याचे मला नंतर कळले. आम्हाला फक्त पुढची बाजू टिपण्याची सूचना होती, त्यामुळे त्या पेन्सिलीच्या ओळींचे छायाचित्र आज कोणाकडेही नाही.

प्रतिसाद ३

वारसदारांची बाजूही मांडली गेली पाहिजे. वारसा कर, विमा, कागदाला मानवेल असे हवामान राखण्याचा खर्च आणि चार भावंडांत समान वाटणी करण्याची जबाबदारी, हे सारे त्यांच्या अंगावर एकाच वेळी येते. ब्रिटिश कला-इतिहासकार डेनिस महॉन यांनी आपली इटालियन चित्रे संग्रहालयांना दिली आणि ती विकायची नाहीत, प्रवेशशुल्कही घ्यायचे नाही, अशा अटी घातल्या. पण ते बँकव्यवसायातील श्रीमंत घराण्यातले होते. पगारावर जगलेल्या प्राध्यापकाच्या मुलांकडून तशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. फ्रान्समध्ये १९६८ पासून वारसा कराऐवजी कलाकृती स्वीकारण्याची कायदेशीर सोय आहे आणि पॅरिसचे पिकासो संग्रहालय तिच्यातूनच उभे राहिले. पण अशा सोयीचा लाभ थोर कलाकृतींना होतो, गठ्ठ्यातल्या कागदांना नाही.

प्रस्तावकाचे उत्तर

पहिल्या प्रतिसादातील क्रोझाचे उदाहरण मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र ते माझ्या बाजूने बोलते. त्या लिलावाबद्दल आपण आज इतके बोलू शकतो, कारण मारिएतसारख्या माणसाने त्याची यादी लिहिली होती. पुढे १७७५-७६ मध्ये मारिएतच्या स्वतःच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा सेंतोबँ या चित्रकाराने छापील यादीच्या आपल्या प्रतीत समासात चिमुकली रेखाटने करून ठेवली. शब्दांतील मोघम वर्णनावरून जे ओळखता आले नसते, ते त्या नखाएवढ्या चित्रांवरून ओळखता येते. शिवाय मारिएतचे निळे माउंट अनेक मालकांनी तसेच ठेवले, म्हणून त्याचा कागद आजही पाहताक्षणी कळतो.

खुल्या परीक्षेचा मुद्दाही रास्त आहे. पण परीक्षा घ्यायची, तर अभ्यासकाने काय ठरवले होते आणि कोणत्या कारणाने, हे परीक्षकांपुढे असायला हवे. प्रश्नचिन्ह पुसून नाव छापले, तर तपासायचे काय? वारसदारांवर मी खर्चाचा बोजा टाकू इच्छित नाही. लिलाव करणारे विकणाऱ्याकडून दलाली घेतात आणि खरेदीदाराकडूनही बोलीवर अधिभार घेतात. ‘अमुक विद्वानांच्या संग्रहातून’ या शब्दांमुळे जी वाढीव बोली येते, तिचा वाटाही त्यांना मिळतो. त्या नावाचा लाभ घेणाऱ्याने प्रत्येक कागदाची, अगदी गठ्ठ्यातल्या कागदाचीही, पाठपोट छायाचित्रे घेऊन ती एखाद्या ग्रंथालयात ठेवावीत.

दुसऱ्या प्रतिसादाच्या लेखिकेला माझी विनंती आहे. त्या झाडाच्या रेखाटनाचा विक्रीतील क्रमांक आणि ती तीन नावे तुम्हाला आठवत असतील, तर कृपया आजच लिहून काढा आणि त्या छापील यादीच्या ग्रंथालयातील प्रतीला जोडण्यासाठी द्या.

प्रतिसाद २ च्या लेखिकेकडून

क्रमांक माझ्या वहीत आहे. पहिले नाव छापील यादीतच आहे आणि तिसरे मला खात्रीने आठवते. मधले मात्र इतक्या जोराने खोडलेले होते की, तेव्हाही मी ते भिंगाखाली धरूनच वाचले होते आणि आता त्याचे पहिले अक्षर तेवढे डोळ्यांपुढे येते. जे आठवते ते उद्याच लिहून देते. मधल्या नावाची जागा कोरी ठेवीन.