आई-बाबांसह युरोपातील क्रूझ : डॅन्यूब नदी की भूमध्य समुद्र?

प्रश्न — शनिवारवाडा_ते_व्हिएन्ना

नमस्कार. पुढच्या वर्षी आई-बाबांना युरोप दाखवावा असे आम्हा दोघांच्या मनात आहे. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना मधुमेह व रक्तदाब आहे. आई सत्तरीची असून तिचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती व्यवस्थित चालते, जिन्याशी मात्र तिचे जमत नाही. रोज पहाटे बॅगा भरून बसमध्ये बसायचे आणि रात्री नव्या हॉटेलात उतरायचे, असा सहलीचा प्रकार दोघांनाही झेपणार नाही, म्हणून क्रूझचा विचार पुढे आला.

सध्या समोर दोन पर्याय आहेत. पहिला डॅन्यूब नदीचा : जर्मनीतील पासाऊहून निघून मेल्क, व्हिएन्ना, ब्राटिस्लाव्हा आणि बुडापेस्ट करून आठवड्याने परत. दुसरा बार्सिलोनाहून निघणाऱ्या मोठ्या जहाजाचा : मार्सेय, जेनोवा, रोम, नेपल्स. माहितीपत्रकातील आकडे पाहिले तर नदीचा खर्च समुद्राच्या जवळजवळ दुप्पट दिसतो. तो फरक वाजवी आहे का? गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्येही बाबांना मळमळते. त्यांना समुद्रावर नेणे कितपत शहाणपणाचे ठरेल? मे महिन्याची अखेर किंवा सप्टेंबर, यांपैकी कोणता काळ बरा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ — बव्हेरियाचा_पाहुणा

मी डॅन्यूबच्या काठी राहतो आणि भारतातून आलेल्या नातेवाइकांना या बोटींवर बसवून देण्याचे काम माझ्याकडे आपोआप येते, म्हणून नदीपुरते लिहितो.

बोट लागण्याची काळजी नदीवर जवळजवळ सोडून द्यावी. जहाज बहुतेक अंतर रात्री कापते आणि सकाळी जाग येते तेव्हा ते काठाला लागलेले असते. रात्री जलपाशात, म्हणजे लॉकमध्ये, शिरताना भिंतीला घासल्याचा आवाज आणि हलका धक्का जाणवतो. झोप सावध असणाऱ्यांनी कानात घालायचे बोळे सोबत ठेवावेत. मेन नदी आणि मेन-डॅन्यूब कालव्यावरील लॉक बारा मीटर रुंद असल्यामुळे तिथूनही जाऊ शकणाऱ्या प्रवासी बोटी साधारण ११.४ मीटरपेक्षा रुंद बांधत नाहीत, आणि लांबीही साधारण १३५ मीटरपर्यंतच ठेवतात. प्रवासी दीडशे ते दोनशे असतात, खोल्या लहान असतात, आणि नाटक-तमाशाची अपेक्षा ठेवूच नये. खरा लाभ धक्क्यावर उतरल्यावर कळतो. ब्राटिस्लाव्हात जुने शहर धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर आहे, बुडापेस्टमध्ये अनेक बोटी साखळी पुलाच्या परिसरात, शहराच्या ऐन मध्यात लागतात, आणि व्हिएन्नाला राइश्सब्र्यूके पुलाजवळ उतरून यू-१ या मेट्रोने थेट सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या चौकात जाता येते.

आपल्या आईंसाठी मात्र दोन गोष्टी पैसे भरण्याआधी लेखी विचाराव्यात. पहिली लिफ्टची. बऱ्याच नदीबोटींत लिफ्ट मधल्या मजल्यांपुरतीच असते, सर्वात खालच्या मजल्यावर आणि वरच्या उघड्या डेकवर जिन्यानेच जावे लागते, आणि काही जुन्या बोटींत ती नसतेच. सर्वात स्वस्त खोल्या नेमक्या खालच्या मजल्यावर असतात. तिथली खिडकी पाण्याच्या पातळीच्या जरा वर असते आणि बहुधा उघडत नाही. तेव्हा मधला मजला घ्यावा, जेवणघर आणि बैठकीची खोली किती पायऱ्यांवर आहे ते नकाशात पाहावे. दुसरी गोष्ट धक्क्याची. गर्दीच्या गावी दोन-तीन बोटी एकीला एक खेटून लावतात, त्यामुळे काठावर जाण्यासाठी शेजारच्या बोटीतून, कधीकधी तिच्या वरच्या डेकवरून चढउतार करून जावे लागते. अशा दिवशी खिडकीतून डॅन्यूबऐवजी शेजाऱ्याचा पडदा दिसतो, याची मानसिक तयारी असावी! ड्यर्नश्टाइनसारख्या गावात दगडी फरसबंदीचे चढ आहेत. मेल्कचा मठ टेकडीवर असला तरी तिथे बसने नेतात, मात्र आतही चालणे बरेच असते. बहुतेक कंपन्या सावकाश चालणाऱ्यांचा वेगळा गट करतात, त्यात पहिल्याच दिवशी नाव द्यावे.

आता पाण्याविषयी, कारण माहितीपत्रकात हा विषय शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतो. नदी उथळ झाली तर बोट अडते, आणि फुगली तर पुलाखालून जाऊ शकत नाही. ऱ्हाइनवर २०१८ च्या शरद ऋतूत आणि पुन्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये पाणी फार उतरले होते. २०२२ मध्ये काउब येथील मोजपट्टी ४० सेंटीमीटरच्याही खाली गेली होती. (हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, तो मोजपट्टीच्या शून्यापासूनचा असतो. प्रत्यक्ष खोली त्याहून जास्त असते, त्यामुळे बातमी वाचून घाबरू नये.) डॅन्यूबवर जर्मनीतील श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा पट्टा धरणांनी बांधलेला नसल्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात तिथेच सर्वाधिक खोळंबा होतो. आपली बोट पासाऊहून, म्हणजे या पट्ट्याच्या खालच्या अंगाला सुरू होते, हे फार चांगले आहे. न्युरेंबर्गहून निघणाऱ्या बोटींना मात्र तो ओलांडावाच लागतो. पासाऊच्या खाली ऑस्ट्रियात धरणांमुळे पाणी बरेचसे टिकून असते. वाखाऊ खोरे आणि व्हिएन्नाच्या पूर्वेचा भाग एवढेच मोकळे वाहतात. पुराचे मात्र सांगता येत नाही. २०१३ च्या जूनमध्ये पासाऊचे जुने शहर पाण्याखाली गेले होते आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियातील पुरामुळे कित्येक बोटी जागीच अडकल्या. अशा वेळी कंपनी बसने पुढे नेते, किंवा अडलेल्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या बोटींतील प्रवाशांची अदलाबदल करते. मार्ग बदलल्यास पैसे परत मिळतीलच असे करारात बहुधा लिहिलेले नसते. ते कलम अवश्य वाचावे. निघण्याआधी जर्मन जलमार्ग खात्याच्या पेगेलऑनलाइन या संकेतस्थळावर रोजची पातळी पाहता येते. मला स्वतःला मे महिन्याची अखेर अधिक आवडते, कारण दिवस मोठा असतो आणि ऊन सोसवते.

प्रतिसाद २ — निवृत्त_दर्यावर्दी

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण समुद्राची बाजू मांडणारे कोणीतरी हवे. माझी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली.

मांडव्याच्या लाँचवरून मोठ्या प्रवासी जहाजाचा अंदाज बांधू नये. लाख टनांच्या जहाजाला पाण्याखाली दोन्ही अंगांना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात आणि ते जहाजाचे आडवे डोलणे बरेच कमी करतात. नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, वर-खाली होण्याची उभी हालचाल त्यांनी थांबत नाही, म्हणून बोट लागणाऱ्याने जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. उंचावरची, नाळेकडची बाल्कनीची खोली महाग असते आणि सर्वात जास्त हलते. पश्चिम भूमध्य समुद्र मेअखेरीस बहुधा शांत असतो. ग्रीक बेटांकडे मात्र जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचे उत्तरेचे वारे जोरात वाहतात. गोळी घ्यायची असेल तर मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर तिचा उपयोग कमी होतो. मधुमेह-रक्तदाबाची औषधे चालू असल्याने ती कोणती घ्यावी हे बाबांच्या डॉक्टरांनाच विचारावे, कारण काही गोळ्यांनी फार झोप येते आणि वृद्ध माणसाचा तोल जातो. आमचे जुने खलाशी आलेपाक खिशात ठेवत. त्याला कोणाची हरकत नसावी, पण मधुमेहींनी साखर लक्षात घ्यावी.

आईंच्या गुडघ्यांचा विचार केला तर जहाजावरची सोय समुद्रातच जास्त. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट, व्हीलचेअर जाईल अशा खास खोल्या, आणि चोवीस तास डॉक्टर व छोटा दवाखाना. नदीबोटीवर बहुधा डॉक्टर नसतो, कारण काठावरचे रुग्णालय जवळ असते. जहाजावरच्या डॉक्टरचे बिल मात्र खोलीच्या हिशेबात डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये लागते आणि विम्याकडून ते नंतर मागावे लागते.

किनाऱ्यावर पारडे उलटते. माहितीपत्रकात ‘रोम’ लिहिलेले असले तरी जहाज चिव्हितावेक्कियाला लागते, आणि तिथून रोम साधारण ऐंशी किलोमीटर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर, तेही नव्वद किलोमीटरच्या आसपास. जाण्या-येण्यात आणि रांगांत वेळ गेल्यावर कोलोसियम व व्हॅटिकन हे दोन्ही एका दिवसात, दुखऱ्या गुडघ्यांनी करण्याचा हट्ट धरू नये. जेनोवा आणि नेपल्स येथे जहाज शहरालाच लागते, तिथे स्वतः फिरणे सोपे जाते. स्वतः गेलात तर जहाजावर परतण्याची वेळ काटेकोर पाळावी. कंपनीच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही, आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. काही बंदरांत, उदाहरणार्थ सांतोरिनीला, मोठे जहाज बाहेर नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान होडीने नेतात. हलत्या होडीत पाऊल टाकणे आईंना अवघड जाईल, म्हणून मार्ग निवडताना अशी बंदरे टाळावीत. आणखी एक : विमान आणि जहाज एकाच दिवशी ठेवू नये. आदल्या दिवशी बार्सिलोनात मुक्काम करावा.

एकूण पाहता, आई-बाबांना जहाजावर आराम करायचा असेल तर समुद्र. शहरे पाहायची असतील तर मीही नदीच सुचवीन.

प्रतिसाद ३ — हिशेबी_माणूस

‘दुप्पट’ हा आकडा तपासून घ्यावा. नदीच्या दरात बहुधा रोजची मार्गदर्शकासह सहल, जेवणाबरोबरची पेये आणि वायफाय धरलेले असते. समुद्रावरच्या दरात खोली आणि जेवण असते. त्यावर सेवाशुल्क रोज माणशी साधारण पंधरा ते वीस डॉलर, शिवाय इंटरनेट, पेये आणि प्रत्येक बंदरातील सहल वेगळी. चौघांचा हिशेब एका कागदावर शेवटपर्यंत मांडला की तफावत बरीच आक्रसते, पूर्ण मिटत नाही. भारतातून पॅकेज घेतल्यास त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल करायचा प्राप्तिकर, घेतला जातो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत रक्कम अडकते.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तो ज्या देशात जास्त रात्री मुक्काम त्या देशाकडे करायचा असतो, आणि रात्री समसमान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. आपल्या डॅन्यूबच्या मार्गात बहुधा ऑस्ट्रियाच्या रात्री जास्त भरतील, म्हणून विमान जर्मनीत उतरते एवढ्यावरून ठरवू नये. कंपनीकडून बोट कोणत्या रात्री कुठे असेल याचे पत्र घेऊन अर्जाला जोडावे. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातील बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसासाठी, सक्तीचा आहे, पण आपण तेवढ्यावर थांबू नये. आधीपासूनच्या आजारांचा समावेश, जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि सहल रद्द झाल्यास भरपाई, ही तीन कलमे पाहावीत, आणि मधुमेह व रक्तदाब प्रस्तावात स्पष्ट लिहावेत. तुमचे दोन्ही मार्ग पूर्णपणे शेंगेन देशांतून जातात. पुढे कधी तुर्कस्तानातील कुशादासी किंवा मॉन्टेनेग्रोतील कोटोर असलेला मार्ग घेतलात तर अनेक प्रवेशांचा व्हिसा लागेल.

समुद्रावर पाऊल ठेवताच फोन विमान मोडवर टाकावा. जहाजाचे उपग्रहावरचे मोबाइल नेटवर्क आपल्या नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा येत नाही आणि त्याचे बिल पाहून माणूस पुन्हा आजारी पडतो.

शनिवारवाडा_ते_व्हिएन्ना

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लिफ्टचा मुद्दा कोणत्याही एजंटाने आम्हाला सांगितला नव्हता. आम्ही मेअखेरच्या डॅन्यूबकडे झुकलो आहोत. एक शंका राहिली : आई अंडेही खात नाही. सोबत किटली आणि थोडा शिधा न्यावा का?

बव्हेरियाचा_पाहुणा

किटली नेऊ नये. आगीच्या भीतीने बहुतेक बोटींवर किटली, इस्त्री आणि स्वयंपाकाचे कोणतेही विजेचे उपकरण काढून घेतात आणि उतरताना परत देतात. गरम पाणी बैठकीच्या खोलीतील यंत्रातून हवे तेव्हा मिळते. आहाराविषयी आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे आणि ‘शाकाहारी’ एवढेच न लिहिता मांस, मासे, अंडे आणि मांसाचे सूप चालत नाही असे एकेक करून लिहावे, कारण इथल्या स्वयंपाकघरात भाज्यांच्या सूपला मांसाचा रस वापरणे नेहमीचे आहे. चढल्यावर त्याच संध्याकाळी मुख्य आचाऱ्याला भेटावे. दीडशे-दोनशे माणसांच्या बोटीवर तो खरोखर भेटतो आणि दुसऱ्या दिवसाचे पदार्थ आदल्या रात्री विचारतो.

मेतकूट, दाण्याची चटणी, खाकरे, भाजलेले पोहे अवश्य आणा. तूप, पनीर किंवा दुधाचे इतर पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणायला मनाई आहे, ते विमानतळावर टाकावे लागतात. मे महिना म्हणून हापूसची पेटी उचलण्याचा मोह होईल, पण ताज्या आंब्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, तेव्हा तोही घरीच ठेवा. बाबांची औषधे डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच असावीत. इन्सुलिन घेत असतील तर खोलीतील छोट्या फ्रिजवर विसंबू नका, तो नेहमी पुरेसा थंड होत नाही. स्वागतकक्षात सांगितले तर ते औषधाच्या वेगळ्या फ्रिजची सोय होते का ते पाहतात.